जुनं पाणी, नवं घर

वाघोलीत शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या गेटवर सामानाचा टेम्पो उभा असतोच. ते टेम्पो नीट बघा. एखाद्याच्या मागे पुतण्याची गाडी येते आणि तिच्यातून एक गृहस्थ थर्माकोलचा खोका छातीशी धरून उतरतात. मुलीला बाळासकट माहेरी आणणाऱ्या बापासारखा त्यांचा चेहरा असतो. हे मासेवाले काका. दर सोसायटीत एक तरी असतातच.

आमचे काका कसब्यातून आले. काकूंनी लोणच्याच्या बरण्या स्वतः गुंडाळल्या, देव स्वतः बांधले, गॅसची शेगडी पुसली. काका तेवढ्या वेळात टेम्पोवरच्या पोराचा वर्ग घेत होते. पोरगं इतकंच म्हणालं होतं, "काका, टँक भरलेलाच उचलू का?"

काकांनी चष्मा काढला. "तीन फूट बाय दीड बाय एक. किती लिटर झाले?"

"किती?"

"सव्वाशे. म्हणजे नुसतं पाणीच सव्वाशे किलो. वर वाळू, दगड. उचलताना तळाचा सांधा उकलला तर तू भरून देणारेस?"

शिफ्टिंगच्या आदल्या दिवसापासून माशांना उपास. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी घाण होतं, हे त्यामागचं शास्त्र. काका स्वतः एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतात. माशांना मात्र फुटाण्याएवढीही सवलत नाही. निर्जळी तेवढी करवता येत नाही, एवढंच.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. पिशवीत पिशवी, कोपरे रबरबँडनं बांधलेले, नाहीतर गप्पी त्या कोपऱ्यात अडकतात. फायटर स्वतंत्र. सकर मात्र झाकणाच्या बादलीत, कारण त्याच्या परांचे काटे पिशवी फाडतात. हे सगळं काका ज्या तन्मयतेनं करतात, तिच्या निम्म्यानं काकूंची क्रोकरी बांधली असती तर चार कप वाचले असते.

खरा प्रसंग घडला तो फिल्टरच्या स्पंजवरून. काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज बघून काकूंनी तो प्रेमानं नळाखाली धरला.

"अगं! त्यात जीव आहे!"

"कुणाचा?"

"जंतूंचा! माशांच्या घाणीतला अमोनिया तेच पचवतात. नळाच्या क्लोरीननं मरतील सगळे!"

मग तो स्पंज टँकच्याच जुन्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून, काकांच्या पायाशी बसून वाघोलीला आला. काकूंना मागच्या सीटवर उशा आणि मिक्सर यांच्यामध्ये जागा मिळाली.

नगर रोड नेहमीसारखाच. खराडी बायपासला गाडी अडकली, तेव्हा काकांनी एसी किती ठेवायचा, ब्रेक कसा दाबायचा, खोक्यावर ऊन कुठून येतंय यावर पुतण्याला इतक्या सूचना दिल्या की शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्हीच चालवा, मी मासे धरतो." काकांनी विचार केला आणि नाही म्हणाले. मासे कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, हे ठरलेलं.

वाघोली 2021 साली महापालिकेत आली, तरी टँकरची ये-जा चालूच आहे. काकांच्या खिशात पेनाच्या जागी टीडीएस मीटर असतो. बोअरचं पाणी मोजून ते गंभीर झाले. "जड आहे. मॉली, गप्पी मजेत राहतील. निऑन टेट्राला हळूहळू सवय लावावी लागेल." काकू म्हणाल्या, "माझ्या केसांचं काय?" त्यावर काकांकडे उत्तर नव्हतं.

दूध उतू घालायचा मुहूर्त आला आणि काका टँकपाशी. पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या. वीस मिनिटं, मग अर्धा-अर्धा कप नवं पाणी पिशवीत, मग जाळीनं मासे टँकमध्ये; पिशवीतलं पाणी फेकायचं. गुरुजी ताटकळले, चिडले, आत डोकावले आणि हळूच म्हणाले, "आमचा फ्लॉवरहॉर्न रंग सोडतोय हो." पुढचा अर्धा तास मुहूर्त कुणालाच आठवला नाही. दूध काकूंनीच उतू घातलं.

आता सोसायटीत कुणी मासे घेऊन राहायला आलं की काका न बोलावता हजर. पहिल्या दिवशी दिवा लावू देत नाहीत, खायला घालू देत नाहीत, वर चहा मात्र घेतात.

तुमची तारीख ठरली असेल तर त्यांना आधी कळवा. थर्माकोलचे खोके ते उसने देतात. परत करताना साबणानं धुऊ नका.