फुलपाखरांना हमीभाव

दरवर्षी जानेवारीत ऑक्सफर्डच्या शेती परिषदेत ब्रिटनच्या शेतीचं भवितव्य ठरतं. 2020 मध्ये युरोपीय संघाशी काडीमोड झाल्यापासून तर ते दरवर्षी नव्याने ठरतं.

पूर्वी ब्रसेल्सचं अनुदान हेक्टरवर मिळे. जितकी जमीन मोठी, तितका चेक मोठा. जमीनदार सरदारांचं बरं चाललं होतं. इंग्लंडने 2021 पासून त्याला कात्री लावली आणि सांगितलं, आता पैसा लोकहिताच्या कामालाच. म्हणजे बांधावरची झुडपं राखा, मधमाश्यांसाठी फुलं पेरा, पैसे घ्या. गहू? तो ज्याचा त्याने बाजारात विकावा. शेतकरी कुरकुरत फुलांकडे वळले, तोच मार्च 2025 मध्ये एका संध्याकाळी, पूर्वसूचना न देता, या योजनेचे नवे अर्ज बंद! तिजोरीतला वाटा संपला म्हणे.

मजूर तर आधीच संपले होते. 2021 मध्ये कत्तलखान्यांत खाटीक मिळेनात. पूर्व युरोपातले बरेच घरी गेलेले. फार्मवर डुकरं वाढत राहिली, आणि हजारो धडधाकट जनावरं मारून फेकावी लागली. सार्वभौमत्व मात्र ठणठणीत होतं.

वर ऑस्ट्रेलियाशी करार, तिथलं गोमांस नि मेंढीमांस टप्प्याटप्प्याने करमुक्त. करार झाला तेव्हाचे शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी खुर्ची गेल्यावर, नोव्हेंबर 2022 मध्ये, संसदेत कबूल केलं की तो ब्रिटनसाठी फारसा चांगला नाही. खुर्ची गेली की दृष्टी येते, हा आजार आपल्याकडेही आहे. करार 31 मे 2023 पासून लागू झाला.