लाकडाचा स्वभाव

माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याचा स्वभावही जातो. निदान तेराव्याच्या जेवणाला तरी सगळे असंच बोलतात. लाकडाचं तसं नाही. मंडल्याकडचा साग कापला, चिरला, त्याच्यावर रंधा फिरवला आणि आजोबांनी तो सदरमधल्या आमच्या बंगल्याच्या कुंपणाला ठोकला, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. तरी तो पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आखडतो आणि थंडीच्या रात्री सगळं घर दचकेल इतक्या जोरात बोटं मोडतो. घरात हवामानाची इतकी पक्की खबर आणखी एकाच ठिकाणी मिळते, आत्याबाईंच्या गुडघ्यांत.

सदर हा जबलपूरच्या छावणीचा भाग. छावण्यांतल्या अनेक जुन्या बंगल्यांना गव्हर्नर जनरलचा १८३६ सालचा १७९ क्रमांकाचा आदेश लागू असतो. त्याचा मथितार्थ असा की जमीन सरकारची, तिच्यावर जे बांधलं असेल ते राहणाऱ्याचं. आमचंही तसंच आहे. म्हणजे कुंपणाच्या खांबाचं जे टोक मातीत गेलंय तिथे सरकारी हद्द, आणि वरचा भाग आमचा. वाळवीने हा कायदा बरोबर ओळखलाय. ती राहते सरकारी जमिनीत आणि जेवायला येते आमच्याकडे. त्यातही तिची चव ठरलेली. सागाच्या गाभ्यात मूळचंच तेल असतं, त्याला ती तोंड लावत नाही. कडेचं पांढरं लाकूड मात्र आवडीने संपवते. खांब आहेत रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचे. १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ जबलपुरातच जुळले, तेव्हापासून या गावात रेल्वेचं टाकाऊ सामान हा घरबांधणीचा मान्य प्रकार आहे. साल लाकडाच्या त्या खांबात खिळा शिरत नाही, ड्रिल तापतं. १९९७च्या मे महिन्यातल्या भूकंपाने गावातल्या कितीतरी भिंतींना तडे गेले. हे खांब फक्त किंचित पूर्वेकडे झुकले.

या कुंपणाला एक अमेरिकन भाऊबंद आहे. आमचा आतेभाऊ डेन्व्हरला असतो आणि त्याच्या घरामागे लाकडी डेक आहे. डेक म्हणजे ज्याच्यावर छप्पर घालायचं राहून गेलंय असा ओटा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, ही माहिती तो प्रत्येक फोनवर अशा स्वरात देतो, जणू ती किरणं त्याच्या हप्त्यांत जमा होतात. आमचं जबलपूर जेमतेम चारशे मीटरवर. उंचीचा आमचा सगळा अभिमान पचमढीला जाऊन स्वेटर घालण्यापुरता. मग मी त्याला पाऊस ऐकवतो. त्याच्याकडे वर्षभरात जेवढा पडतो तेवढा आमच्याकडे एकट्या जुलैत पडतो. त्याचं लाकूड उन्हाने फाटतं, आमचं कुजतं. दोघांचंही समाधान होऊन फोन संपतो.

शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य ऊन फोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे उरतो तो राखाडी, केसाळ पृष्ठभाग, ज्याच्यावर हात फिरवला की कुसळ हमखास. हे थांबवायला दोन पंथ आहेत. पहिला चमकवणाऱ्यांचा. हे लोक वॉर्निश किंवा टचवुड लावतात. पहिल्या दिवाळीला कुंपणात चेहरा दिसतो. पण ऊन त्या पारदर्शक थरातून सरळ आत जातं, खालचं लाकूड सुटतं, थराची पकड जाते, भेगेतून पाणी शिरतं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर कुंपणाची सालं निघायला लागतात. मग सगळं खरवडा आणि पहिल्यापासून सुरू करा.

दुसरा पंथ मुरवणाऱ्यांचा. आतेभाऊ ज्याला स्टेन म्हणतो ते हेच. आमचे आजोबा याच पंथाचे होते: अळशीचं तेल, पातळ करायला टर्पेंटाइन आणि त्यात चाळलेला गेरू. गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच; अतिनील किरणं तोच अडवतो. चमक शून्य, पण सालं निघायला वर थरच नसतो. फिका पडला की पुसून पुन्हा हात मारायचा. आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांचाही हाच प्रकार झालाय. हिंदीचा थर चढलेला नाही, ती आत मुरलीय. पुण्याची वहिनी दरवर्षी मे महिन्यात येऊन आमच्या बोलण्यावर काचपेपर घासते, पण खाली दुसरा रंग लागत नाही.

आमचा मिस्त्री मुरवण्याच्या बाजूचा, पण त्याची कारणं आर्थिक आहेत. नवं वाळकं लाकूड तेल किती पिईल याचा नेम नसतो. "बड्डे, लकड़ी है, पिएगी तो सही," म्हणून तो डबा मागवत राहतो. कुंपण किती पितं आणि मिस्त्री किती घरी नेतो याचा हिशेब आजोबांनाही लागला नव्हता.

तेलाहून कठीण गोष्ट मुहूर्ताची. लाकूड कोरडं हवं, ऊन तापलेलं नको, रात्री दव नको. लाकूड तयार आहे का हे पाहायला पाण्याचे थेंब टाकून बघ, असं आतेभाऊ सांगतो. मुरले तर तयार. आमच्याकडे ही चाचणी गल्लीतली कुत्री नेमाने घेतात. मे महिन्यात पारा ४४ला टेकला की तेल मुरण्याआधीच वर चिकट साय धरतं. जूनअखेर ते सप्टेंबर पाऊस. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पट्ट्या दवाने निथळतात. राहता राहिला ऑक्टोबर, तेव्हा मिस्त्री दुर्गापूजेच्या मांडवात. दसरा झाला की अख्ख्या सदरला दिवाळीच्या आत रंग हवा असतो. फेब्रुवारीत त्याच्या साल्याचं लग्न असतं. (मिस्त्रीला साले किती, हा स्वतंत्र विषय आहे.) मार्चमध्ये मुहूर्त लागतो आणि दुसऱ्या दिवशी होळी. ओल्या तेलावर हिरवा, जांभळा, चंदेरी असा सगळा माल फुकट चढतो. त्यातला हिरवा, जांभळा उन्हाने चैत्रातच उडतात. चंदेरी पिढ्यानपिढ्या टिकतो.

एवढ्यातून काम सुरू झालं की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबतो. सदरमध्ये निवृत्त फौजी पुष्कळ, आणि लाकडाला काय लावायचं याबाबत प्रत्येक रेजिमेंटचं धोरण वेगळं. कुणी गाडीचं जळकं ऑइल सुचवतो, कुणी डांबर, कुणी मोरचूद. मंडला रोडवर उष्णकटिबंधीय वनांची केंद्र सरकारी संशोधन संस्था १९८८पासून आहे, पण तिला विचारावं असं कुणालाच वाटत नाही. तिथे एकच उत्तर मिळण्याचा धोका असतो. शेजारच्या सुभेदारसाहेबांनी मात्र लाखमोलाची गोष्ट सांगितली. अळशीच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. हे खरं आहे. त्यामुळे चिंध्या उघड्यावर दोरीवर पसरून वाळत घालाव्या लागतात. त्यात आत्याबाईंच्या जुन्या नऊवारीचे तुकडे होते. गेरूने लालभडक झालेले ते तुकडे दोरीवर पाहून पाववाला सायकलवरून उतरला आणि हलक्या आवाजात विचारता झाला, "सब ख़ैरियत?"

एवढी अक्कल आम्हाला देऊन सुभेदारसाहेबांनी स्वतः लाकडाशी काडीमोड घेतला. त्यांनी बागेत असतं तसं सिमेंटचं कुंपण घातलं: ओंडक्यांच्या आकाराचं, वर साल कोरलेली, गाठी काढलेल्या, कापलेल्या टोकाला वर्तुळंसुद्धा. त्यावर तपकिरी ऑइलपेंट. "अब न दीमक, न तेल," असं त्यांनी आम्हाला कुंपणापलीकडून ऐकवलं. पण ओलसर सिमेंटमधला क्षार ऑइलपेंटला टिकू देत नाही. पाऊस सरला तसे ओंडक्यांवर पापुद्रे उठले. साहेबांनी मिस्त्रीला बोलावलं आणि जाब विचारावा तसा एक पापुद्रा त्याच्या हातात दिला. मिस्त्रीने तो उन्हात धरून उलटसुलट पाहिला आणि मनापासून दाद दिली, "साब, काम एकदम असली है. छाल तक उतरने लगी!"