दहा बाय दहाची मीमांसा

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे लागते: विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन. प्रस्तुत शास्त्राचा विषय म्हणजे ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या वन आरके आणि वन बीएचके घरांचे आतून फोटो काढणे, आणि त्यासाठी कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, कोणता ट्रायपॉड घ्यावा याचा निर्णय करणे. ज्याला फ्लॅट विकायचा आहे, भाड्याने द्यायचा आहे किंवा नुसताच न्यू जर्सीच्या मुलीला दाखवायचा आहे, तो याचा अधिकारी. हॉल हॉलसारखा दिसावा हे प्रयोजन. संबंध बहुधा इस्टेट एजंटमार्फत जुळतो आणि त्याचे ब्रोकरेज वेगळे.

विषय दिसतो तेवढा अर्वाचीन नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक ठळक एतद्देशीय नाव. त्याच वर्षी १ मे रोजी, आधी ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी कल्याणला पोचली. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे काय, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. आमचे मत असे की आहे. गाडी आली नसती तर डोंबिवलीत एवढ्या इमारती झाल्या नसत्या, इमारती झाल्या नसत्या तर खोल्या आखडल्या नसत्या, आणि मग वाइड अँगल लेन्स घ्यायला फास्ट लोकलने बोरा बाजार कोणी गाठला असता? सोसायटीच्या मंडळींना मात्र याची सुतराम कल्पना नसावी. त्या काळच्या छायाचित्रकारांपुढे लेणी होती, देवळे होती आणि मुख्य म्हणजे मागे सरकायला जागा होती.

सगळे शास्त्र या मागे सरकण्यावर उभे आहे.

आता पूर्वपक्ष. पहिला पूर्वपक्षी म्हणतो, ‘५०ची प्राइम घ्या, स्वस्त आणि शार्प.’ याचे खंडन त्रैराशिकाने होते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर ३६ने गुणून लेन्सच्या मिलिमीटरने भागले की भिंत किती फूट येणार ते कळते. दहा फुटी खोलीत पाठ भिंतीला लावून उभे राहिले तरी पाठ, डोके आणि कॅमेरा मिळून दीड फूट खातात. उरले साडेआठ. ५०च्या लेन्सने त्यात सहा फूट आणि वर जेमतेम इंचभर भिंत येते. म्हणजे दिवाण येतो. टीव्ही, फ्रिज, देवघर आणि ज्या दारातून गिऱ्हाईक येणार ते दार, हे सगळे फोटोबाहेर.

दुसरा पूर्वपक्षी एजंट. तो खिशातून फोन काढतो, ०.५ वर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, लेन्सबिन्स सोडा.’ ही ०.५ची लेन्स साधारण १३ मिलिमीटरच्या तोडीची. तिच्यात घर येते यात वाद नाही, पण किती घर येते? सोफ्यापासून फ्रिजपर्यंत जायला शेअर रिक्षा करावी लागेल असे वाटू लागते. शिवाय अशी लेन्स भिंत सरळ ठेवते आणि त्याची किंमत कडेच्या गोल वस्तूंकडून वसूल करते. १६ मिलिमीटरच्या लेन्सचाच हिशेब केला तर चौकटीच्या डाव्या-उजव्या टोकाशी असलेली गोल वस्तू सुमारे दीडपट आडवी ताणली जाते. ओट्याच्या कडेचा पाच लिटरचा कुकर दुधी भोपळ्यासारखा लांबतो. घरातल्या ज्येष्ठ बाईंना फोटोत घ्यायचेच असेल तर मधोमध बसवावे. कडेला बसवल्यास पुढचे सहा महिने जो संवाद होतो त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही.

म्हणून सिद्धांत. भूमितीने खोलीच्या कोपऱ्याला ९० अंश दिले आहेत. (बिल्डरने किती दिले, हा वेगळ्या ग्रंथाचा विषय.) फुल फ्रेमवर आडवे नेमके ९० अंश पाहणारी लेन्स १८ मिलिमीटरची; दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर तीच १२ची. कोपऱ्यात शिरून कॅमेरा समोरच्या कोपऱ्याकडे रोखला की १८मध्ये दोन्ही बाजूंच्या भिंती मावतात, मग खोली व्हर्सायच्या राजवाड्यातली असो की मानपाडा रोडवरची. याहून रुंद लेन्सला जास्तीचे दिसते ते फक्त तुमच्या दोन्ही कोपरांलगतचे प्लास्टर. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

यावर आक्षेप येतो तो असा की कोपरा आहे कुठे? एकात गोदरेजचे कपाट, दुसऱ्यात फ्रिज, तिसऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या आणि त्यांवर इस्त्रीचे कपडे, चौथ्यात दार. कपाट लग्नात आले असून लग्न टिकेपर्यंत हलणार नाही. आक्षेप सबळ आहे. परिहार एकच: कॅमेरा आत ठेवावा आणि फोटोग्राफरने घराबाहेर जावे. कॅमेरा छोट्या ट्रायपॉडवर भिंतीला चिकटवला की दीड फुटाऐवजी तीन इंच जातात. २४ची लेन्स त्या साडेआठ फुटांवरून पावणेतेरा फूट भिंत घेत होती, ती आता साडेचौदा फूट घेते. म्हणजे तिची आपोआप २१ची झाली. फोटोग्राफरच्या अनुपस्थितीची किंमत अशी रोख तीन मिलिमीटर आहे आणि ते कुठल्याही दुकानात सुटे मिळत नाहीत. तेव्हा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल मोजत बसू नये. स्क्रीन बाहेर वळतो का, आणि फोनवरून वायफायने बटण दाबता येते का, एवढे पाहावे. बटण जिन्यात उभे राहून दाबता येते. शेजारचे विचारतात, ‘काय हो, बाहेर काढलं वाटतं?’ त्याला उत्तर देऊ नये.

कॅमेऱ्याची उंची छातीइतकी, चार-सव्वाचार फूट, म्हणजे ओट्याचा ग्रॅनाइट दिसतो आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक डोळ्यांत भरत नाही. कॅमेरा खाली-वर कलला की उभ्या भिंती एकमेकींकडे झुकतात. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यावर असला की काम झाले. याच कामासाठी कॅननने २००९ साली १७ मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट लेन्स काढली. ती उत्तम आहे, पण तिच्या किमतीत निम्मे मॉड्युलर किचन होते, आणि मग फोटो काढायला निदान किचन तरी राहते. अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १००, शटर जितका लागेल तितका सावकाश. चोकवाली ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १००दा लुकलुकते, म्हणून १/१०० किंवा १/५० ठेवावा, किंवा आणखी सावकाश. त्याहून जलद गेल्यास भिंतीवर पट्टे येतात. सावकाश शटरमध्ये चालू पंख्याची पाती विरून जातात आणि छताला नुसता दांडा लोंबतो. म्हणून पंखा बंद. मे महिन्यात हा नियम ऐकताच यजमान चहा टाकायचे विसरतात.

खिडकीच्या बाबतीत या प्रांतात दोन संप्रदाय आहेत. घोडबंदर रोडचा ठाणे संप्रदाय म्हणतो, तीन-चार एक्स्पोजर घ्या, ते जोडा आणि खिडकीतला येऊरचा डोंगर दाखवा. डोंगराचे पैसे फ्लॅटच्या किमतीत धरलेले आहेत. डोंबिवली पूर्वेचा संप्रदाय याच्या नेमका उलट. तिथे खिडकी पांढरीफटक जाऊ द्यावी. त्या पांढऱ्यात गिऱ्हाईक आपापल्या ऐपतीप्रमाणे बाग, मैदान किंवा मोकळे आकाश कल्पितो. एक्स्पोजर जोडले की त्याच पांढऱ्यातून समोरच्या बिल्डिंगची ड्रेनेजची पाइपलाइन, बॉक्स ग्रिल आणि वाळत घातलेले टॉवेल रंगासकट वर येतात. कल्याणकर प्रसंग पाहून वागतात: गांधारीला उल्हास नदी दिसत असेल तर ठाण्याचे, एरवी डोंबिवलीचे. आम्हांस डोंबिवलीचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ते फुकट आहे.

फ्लॅशबद्दल थोडेच. जेकब रीसने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या खोल्या फ्लॅश पावडर पेटवून टिपल्या आणि १८९० साली त्यांचे पुस्तक केले. त्या भरात एक-दोनदा आगही लागली, असे तो स्वतःच सांगतो. आता आग लागत नाही, रंग लागतो. छतावर आणि भिंतीवर आपटून आलेला प्रकाश त्या भिंतीचा रंग घेऊन येतो. पिस्ता रंगाच्या बेडरूममध्ये फ्लॅश मारला की चादर, उशा आणि नवरामुलगा तिघेही पिस्ता होतात.

कायदा याबाबत काय म्हणतो? रेराचा कायदा २०१६चा. त्याने कार्पेट एरियाची व्याख्या बांधून दिली: घरातल्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. कलम १२ने जाहिरातीतल्या खोट्या विधानाला भरपाई ठेवली. २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोडही छापावा लागतो. लेन्सचे मिलिमीटर छापा असे मात्र कोणी म्हटलेले नाही. आमची सूचना आहे की फोटोखाली ‘१८ मिमी, कोपऱ्यातून’ असे बारीक अक्षरांत टाकावे. एजंटांना ती दाखवली असता त्यांनी ‘बघू’ म्हटले.

राहता राहिले टॉयलेट. इथे १८चा सिद्धांत लागू पडत नाही. तीन बाय चारच्या जागेत कॅमेरा शिरला तर दार लागत नाही, दार उघडे ठेवले तर आरशात फोटोग्राफर येतो, आणि फोटोग्राफर बाहेर गेला तर आरशात पॅसेजमधल्या चपला येतात. सर्व लेन्स वापरून झाल्यावर एजंट मंडळी गिझरचा क्लोजअप घेतात. त्याला ५०ची प्राइम उत्तम.