तीन इस्पिक, दहा सेकंद

उजवीकडच्या गृहस्थांनी बोलीच्या डब्यातून ‘स्टॉप’चं लाल कार्ड काढून ठेवलं, शेजारी ‘तीन इस्पिक’ मांडलं आणि ते पंख्याकडे बघू लागले. म्हणजे इस्पिकं सात, पॉइंट जेमतेम सात. हातात दम नाही म्हणूनच इतक्या वरून सुरुवात. आपल्याला बोलायला जागाच ठेवायची नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा माणूस ब्रिज शिकला, की तीनवर ओपन करतो.

स्टॉप पडला की पुढच्याने साधारण दहा सेकंद थांबायचं. झटकन ‘पास’ केलं तर हातात चिंध्या आहेत हे भिडूला कळतं. फार घुटमळलं तर काहीतरी आहे हे कळतं. म्हणून चिंध्या असोत की चारही एक्के, चेहरा एकच ठेवायचा. या दहा सेकंदांत मी स्वतःला थोर नट समजतो. पहिली तीन सेकंदं नुसती भुवई. पुढची चार पानांची निष्कारण उलथापालथ. मग चष्मा काढून पुसणं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उठून मला पाणी आणून दिलं. या सगळ्यात विचार करायचा तेवढा राहून जातो.

त्या दिवशीही राहिला. माझ्याकडे बारा पॉइंट आणि इस्पिकची राणी, दश्शी, नव्वी, सत्ती. म्हटलं, माझ्यासमोर दादागिरी? डबल!

आता तीन इस्पिकवरचा असा डबल ही शिक्षा नसते, विनंती असते: ‘भिडू, इस्पिक माझ्याकडे नाहीत, बाकीचं आहे, तुमचा रंग सांगा.’ आमचे भिडू निवृत्त गणितमास्तर. त्यांनी इमानाने चार बदाम सांगितले. बदाम त्यांच्याकडे चार, माझ्याकडे दोन. उरलेले सात समोरच्यांकडे. त्यांनी आनंदाने डबल दिला. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे दंड चढा; तीन हात कमी पडले, 800 गेले. मी गुमान पास केलं असतं, तर डबल मास्तरांनीच दिला असता, त्यावरही मी पास, आणि ते दोन हातांनी बुडून आम्हाला 300 मिळाले असते.

‘‘अहो,’’ मास्तर पानं गोळा करत म्हणाले, ‘‘रागाचं कार्ड नसतं त्या डब्यात.’’

घरी येताना उगाच आठवलं. दहावीचा निकाल लागल्यावर मुलगी म्हणाली होती, ‘‘बाबा, मला ना...’’ आणि मी ‘‘सायन्स!’’ म्हणून थेट तीनवर ओपन केलं होतं. माझ्या हातात तरी काय होतं? शेजारच्या पोरांचे मार्क आणि भीती. तिने पास केलं. तिच्या हातात कुठली पानं होती, हे मी आजवर विचारलेलं नाही.

काल तिचा फोन आला. ‘‘बाबा, एक सांगायचंय.’’

मी दहा सेकंद थांबलो.

‘‘हॅलो? रेंज गेली वाटतं,’’ म्हणून तिने फोन ठेवला.

मग मीच परत लावला.