आपलीच हळद, डबीतून

कनेरगाव नाक्याहून हळदीच्या गाड्या हिंगोलीच्या बाजाराकडे जातात. परवा उलट दिशेनं पुण्याच्या भाचीचं पार्सल आलं: 'होममेड, केमिकल-फ्री' उटणं. पन्नास ग्रॅमला साडेतीनशे रुपये. घटक वाचून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हळद, बेसन, वाळा. नवी काय ती डबीच की!"

हळदीच्या नशिबी हे जुनंच. 1995मध्ये अमेरिकेनं हळदीनं जखम भरण्याचं पेटंट देऊन टाकलं होतं. डॉ. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ अन् लेख पुढे ठेवून 1997मध्ये ते रद्द करवलं. भाचीवर कोण दावा लावणार?

सोबत घरगुती साबणही होता, तोही 'केमिकल-फ्री'. कॉस्टिक सोडा नसता तर आमच्या हाती नुसतं तेलच आलं असतं; पण लेबलावर त्याला जागा नाही. रिठा बरा, निदान फेस तरी स्वतःचा!

पार्सलात 'लेमनग्रास ऑइल'ही होतं, म्हणजे आमच्या न्हाणीमागचा गवती चहा. थेट अंगाला लावू नका, खोबरेलात दोन थेंब मिसळा, हे मात्र पोरीनं बरोबर लिहिलंय.

उटणं पाडव्याआधीच संपलं. डबी वहिनींनी ठेवून घेतली. तिच्यात आता मिसरी आहे.