जटा तुमच्या आळसाच्या, घाम त्याचा

चौदाव्या मजल्यावरचे साहेब,

मायन्यात ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. गेल्या रविवारी कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या व्हॅनपाशी तुम्ही त्या ग्रूमर मुलाला ज्या तोऱ्यात वाटेला लावलंत, त्यानंतर तो शब्द हातून उतरत नाही. ‘टिप कसली? पैसे अ‍ॅपवर भरलेत ना!’ हे तुमचं वाक्य आपल्या नेरुळच्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमननंही ऐकलं. पत्र खुलं ठेवते आहे, कारण सीवूड्सपासून खारघरपर्यंत प्रत्येक टॉवरात तुमचे भाऊबंद राहतात आणि त्यांनाही ते लागू आहे.

माझ्या कुत्रीचा नंबर तुमच्यानंतर होता, म्हणून व्हॅनच्या उघड्या दाराशी उभी राहून मी सगळं पाहिलं. तुम्ही शित्झू सोपवून वर निघून गेलात. मागे काय घडलं ते तुम्हाला कळायलाच हवं.

तुमच्या कुत्र्याच्या कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केसांच्या जटा झाल्या होत्या. एका दिवसात अशा जटा होत नाहीत. घरात कंगवा पडून असताना कित्येक आठवडे त्याला कुणी हातच लावला नाही, की होतात. त्या तशाच ठेवून आंघोळ घालता येत नाही, कारण पाण्यानं गाठ आणखी आवळते. म्हणून त्या मुलानं आधी कोरडेच केस हातात घेतले. एका हातानं केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि दुसऱ्या हातानं टोकाकडून एकेक बट सोडवत यायचं. जिथं सुटेना तिथं मशीन, तेही कातडी बोटानं ताणून, कारण जटेखाली कातडी कुठं संपते आणि केस कुठं सुरू होतात ते दिसत नाही. काखेतल्या एका गाठीखाली कातडी लाल झाली होती आणि तिथं गोचीड चिकटलेली होती. तीही त्यानंच काढली. तुम्ही बुक केलेल्या पॅकेजात आंघोळ, नखं आणि कानांची सफाई होती. गोचीड आणि जटा त्यात नव्हत्या.

नखांचं काम त्याहून नाजूक. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. तुमच्या कुत्र्याची नखं काळी आहेत. तो मुलगा पातळ पातळ कापत गेला आणि रक्ताचा एक थेंबही येऊ दिला नाही. शेवटी ब्लोअरनं केस मुळापर्यंत वाळवले, कारण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मुळाशी ओल राहिली की बुरशी धरते. आणि वाळवतानाच घाबरलेल्या कुत्र्यानं त्याच्या अंगठ्याला दात लावला.

त्यावर तुम्ही काय म्हणालात? ‘तुम्ही नीट धरलं नसेल.’ लसीकरणाचं पुस्तक मागितलं, तर ते तुम्हाला सापडलं नाही. साहेब, कुत्रा चावला की जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच रेबीजची लस सुरू करायची, हे पाळीव कुत्र्याच्या मालकाला पाठ असायला हवं. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. सरकारी रुग्णालयात लस मिळते, पण ती एका फेरीत संपत नाही. त्या रांगेत जाणाऱ्या दिवसांची मजुरी तुम्ही देणार होतात का? तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीत.

आता तुमच्या सबबी एकेक घेते.

पहिली, ‘टिप सक्तीची नाही.’ बरोबर, नाहीच. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये बजावलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. त्याचा अर्थ एवढाच की हा पैसा कुणी तुमच्या खिशातून ओढून घेऊ शकत नाही, द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही ठरवलंत, म्हणून जबाबही तुम्हालाच विचारते आहे.

दुसरी, ‘ही अमेरिकेची फॅशन आपल्याकडे कशाला?’ तिकडे ग्रूमरला बिलाच्या पंधरा-वीस टक्के देतात, हे खरं. पण जनावराचं करणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवायला आपल्याला अमेरिकेनं शिकवलेलं नाही. विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळून झाले की ते घेऊन आलेल्या माणसाला बोजारा देतात. पोस्टमन, सफाई कामगार, वॉचमन यांना दिवाळीची पोस्त देणं ही तर आपल्या घराघरातली रीत. जनावर सजलं की सजवणाऱ्याचीही आठवण ठेवायची, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तिसरी, ‘कंपनी त्याला पैसे देते.’ देते, पण आपला हिस्सा कापून, आणि पॅकेजप्रमाणे. जटा सोडवायला दुप्पट वेळ गेला म्हणून त्याला दुप्पट पैसे मिळत नाहीत. उलट पुढचं बुकिंग लांबतं आणि तिथलं गिऱ्हाईक त्याच्यावरच डाफरतं. त्या दिवशी माझ्या कुत्रीला उशीर झाला तो तुमच्यामुळे, आणि माफी मात्र माझ्याकडे त्यानं मागितली.

म्हणून सांगते, टिप ही तुमची मेहेरबानी नव्हे. बिलात न बसलेल्या कामाचा तो मोबदला आहे, आणि ते काम तुमच्या आळसानं वाढवलेलं आहे. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक मागवून सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमचं बाळ’ म्हणून फोटो टाकता. त्या बाळाच्या काखेतली गोचीड मात्र परक्याच्या पोरानं काढली.

किती द्यायचं, हा प्रश्न खरोखरच पडत असेल तर माझा हिशेब असा. नेहमीच्या आंघोळीला बिलाच्या दहा टक्के, पण शंभराच्या खाली नाही. जटा, गोचीड, म्हातारं किंवा चावरं जनावर असेल तर वीस टक्के. पंधराशेच्या बिलावर हे तीनशे होतात. कुत्रा चावला तर टिपेचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे न्यायचं आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे भरून द्यायचे. एकच मुलगा वर्षभर येत असेल, तर दिवाळीला त्याची पोस्त वेगळी. पैसे त्याच्या हातात किंवा थेट त्याच्या यूपीआयवर द्यावेत. काम खरंच वाईट झालं, कातडी कापली गेली, कुत्र्याला मारलं, तर एक पैसाही देऊ नका, तक्रार करा. त्या दिवशी यातलं काही झालं नव्हतं.

आणि ज्यांना टिप जड वाटते त्यांनी आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं कुत्र्याचे केस विंचरावेत. जटाच होणार नाहीत, कुत्र्यालाही ओढाताण सोसावी लागणार नाही.

त्या मुलाचा नंबर तुमच्या अ‍ॅपमध्ये नसेल, पण माझ्याकडे आहे. आज संध्याकाळी लसीकरणाचं पुस्तक शोधून त्याचा फोटो मला पाठवा, मी तो त्याच्यापर्यंत पोचवते. सोबत तीनशे रुपये, लसीच्या दिवसांची मजुरी आणि ‘चूक माझी होती’ हे तीन शब्दही पाठवा. त्याची पुढची फेरी येत्या रविवारी आहे, आणि तुमच्या कुत्र्याला तो तेव्हाही तितक्याच जपून धरेल.

तुमच्याच इमारतीतली,
एक कुत्रीवाली