पाच टक्क्यांचे मालक

जामनेरच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, म्हणून शेजारी सहकारी सूतगिरणी हवी, हा युक्तिवाद ऐकायला निर्दोष आहे. महाराष्ट्राने तो ५:४५:५० या सूत्रात बसवला: सभासदांचे ५ टक्के, सरकारी भागभांडवल ४५, उरलेले कर्ज. शंभरातले पाचच स्वतःचे असले की माणूस भलताच धाडसी उद्योजक होतो. मग वीज कोणत्या दराने, खेळते भांडवल कुठून, सूत घेणार कोण, हे प्रश्न क्षुद्र ठरतात. भूमिपूजनाला कोणते मंत्री येणार, एवढाच उरतो. अवसायनात निघालेल्या गिरण्यांची यादी लांबली त्यात नवल नाही. कापूस मात्र भाव दिसेल तिकडे, गुजरातेतही, जातो; १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीच्या काळात तर तो चोरून जाई.

खासगी भांडवलही चुकते, असे कोणी म्हणेल. चुकते, पण तोटा मालकाच्या खिशाला लागला की हात आखडतो (बँकेने कर्ज निर्लेखित केले नाही तर). तोटा सरकार भरणार हे ठाऊक असले की काटकसर संपते, हे हंगेरीच्या यानोश कोर्नाईंनी समाजवादी कारखान्यांवरून मांडले. बिचाऱ्यांना आमचे सहकारमहर्षी ठाऊक नसावेत. राहिला रोजगाराचा मुद्दा. बंद गिरणीतही तो मिळतो, पहारेकऱ्याला.